आकाशांतील पडदा आणि लोहचुंबक

लोहचुंबक लोखंडास ओढतो, हें आमच्या चार वर्षांच्या नातवासहि ठाऊक आहे. कपाटाच्या दाराचा चुंबक काढून तो टांचण्यांच्या डबीवर फिरवीत बसतो व आजीचीं बोलणीं खातो. परंतु तोच लोहचुंबक नभोवाणीच्या लहरीची वाट वळवूं शकतो, एका लहरीच्या दोन करूं शकतो, आणि जेथून लहरीस मुळींच वाट नाहीं तेथें खिडकीहि उघडूं शकतो, असें म्हटलें म्हणजे चांगले शिकलेले गृहस्थसुद्धां आमच्याकडे संशयानें पाहूं लागतात. त्यांचा संशय अगदींच अस्थानीं नाहीं. लहर म्हणजे कांहीं लोखंड नव्हे. मोकळ्या पोकळींतून जाणाऱ्या लहरीच्या वाटेंत केवढ्याहि लोहचुंबकाचें बल पसरलेलें असलें, तरी ती त्याची दखल न घेतां सरळ निघून जाते. मग चुंबकाची सत्ता चालते ती कोणावर? लहरीवर नव्हे, लहरीच्या वाटेंत जे पहारेकरी उभे असतात त्यांच्यावर. ह्या पहारेकऱ्यांची हकीकत आज सांगावयाची आहे.

आमचें आंबागड हें भंडारा जिल्ह्यांत तुमसरच्या बाजूस, सातपुड्याच्या पायथ्याशीं वसलेलें गांव. डोंगरावर जुना किल्ला आहे. देवगडच्या बख्त बुलंद राजाचा सुभेदार राजाखान पठाण ह्यानें तो १७०० च्या सुमारास बांधला, आणि पुढें नागपूरकर भोसल्यांच्या काळीं तेथें कैदी ठेवीत. ह्या किल्ल्याखालच्या अंगणांत आमच्या विद्यार्थिदशेंतील पुष्कळ रात्री रेडिओच्या संगतींत गेल्या. रेडिओ सेलवर चाले. अशा सेलांत लागणारें मॅंगनीज आमच्याच जिल्ह्यांतील डोंगरी बुजुर्गच्या खाणींतून निघतें, ह्याचा त्या वेळीं आम्हांस पत्ताहि नव्हता. दिवसां नागपूर तेवढें स्पष्ट लागे. सूर्य मावळून घटकाभर झाली कीं जेथें दिवसां नुसती खरखर ऐकूं येई तेथें कोठकोठचीं केंद्रें बोलूं लागत. सिलोनचें गाणें रंगांत आलेलें असावें, आणि मध्येंच तें खोल विहिरींत उतरल्यासारखें बुडावें, पुन्हां सावकाश वर यावें. आमचे तीर्थरूप म्हणत, "सेल उतरले." सेल नवे घातले तरी गाणें बुडावयाचें तें बुडेच.

ह्याचें कारण आपल्या डोक्यावर तीसपस्तीस कोसांवर व त्याहूनहि उंच पसरलेलें आहे. तेथें हवा फार विरळ असते. सूर्याचे प्रखर किरण तिच्या अणूंवर आदळून त्यांतील इलेक्ट्रॉन, म्हणजे ऋण विद्युत्कण, तोडून मोकळे करतात. अशा मोकळ्या कणांनीं भरलेल्या वायूस प्लाझ्मा म्हणतात. हें नांव लॅंगम्यूर नांवाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९२८ सालीं रूढ केलें. आकाशांतील ह्या थरांना आपल्याकडे आयनांबर असा गोड शब्द योजिला आहे. लहर येऊन पोंचली कीं हे हलके विद्युत्कण तिच्या तालावर डोलूं लागतात. लहरीचीं कंपनें सावकाश असलीं तर कणांना सरकण्यास अवसर मिळतो. ते सर्व मिळून लहरीच्या उलट जोर उत्पन्न करतात आणि तिला परत फिरवितात. कंपनें फार जलद असलीं तर कण हलण्याच्या आंतच लहर निसटून पलीकडे जाते. कण किती दाट आहेत ह्यावर अडविण्याची मर्यादा ठरते. आयनांबराच्या वरच्या थरांत भर दुपारीं घन सेंटिमीटरास सुमारें दहा लाख कण असतात. तेवढ्यांनीं सेकंदास सुमारें ९० लाख कंपनांपर्यंतची उभी लहर अडते. कण शंभर पट झाले तर मर्यादा दहा पट होते, असा वर्गमूळाचा हिशेब आहे. हा हिशेब वाचकांनीं ध्यानांत ठेवावा; पुढें त्याचें काम पडणार आहे.

आतां लोहचुंबक. पृथ्वी स्वतःच एक मोठा लोहचुंबक आहे, आणि तिचें बल आयनांबरांतहि पसरलेलें आहे. चुंबकाच्या बलांत सांपडलेल्या विद्युत्कणाची स्थिति खळ्यांत मेढीला बांधलेल्या बैलासारखी होते. तो सरळ धांवूं पाहतो, पण दावें त्यास गोल वळवितें. भेद इतकाच कीं ही अदृश्य मेढ अतिशय लांब असते, आणि तिच्या लांबीच्या दिशेनें सरकण्यास कणास कोणतीहि आडकाठी नसते. तो किती वेगानें घिरट्या घालील हें केवळ चुंबकाच्या बलावर ठरतें. आमच्या भागावरच्या आयनांबरांत ही संख्या सेकंदास सुमारें १२ लाख भरते. आपल्या सर्वांच्या डोक्यावर रात्रंदिवस हें खळें चालूं असतें.

लहर अशा खळ्यांत शिरली कीं तिच्या दोन लहरी होतात. एक कणांच्या घिरट्यांच्या दिशेनें फिरत जाते, दुसरी उलट दिशेनें. दोघींचा वेग निराळा, वाट निराळी, वाटेंत होणारी झीज निराळी. त्या पुन्हां खालीं येऊन रेडिओंत भेटतात तेव्हां कधीं एकमेकींस साहाय्य करतात, कधीं एकमेकींस मारतात. सिलोनचें गाणें बुडण्याचें हें एक मुख्य कारण; बिचाऱ्या सेलांवर विनाकारण आळ येत असे. ॲपलटन ह्या इंग्रज पंडितानें १९२४ च्या अखेरीस बार्नेट ह्या सहकाऱ्यासह आयनांबराचें अस्तित्व प्रत्यक्ष प्रयोगानें सिद्ध केलें, आणि पुढें चुंबकासह सर्व गणित मांडलें. त्यास १९४७ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

ह्या गणिताचा सर्वांत मोठा दाखला आमच्या नागपुरासच घडला. देशाच्या मध्यावर म्हणून नागपूर निवडून तेथें आकाशवाणीनें एक हजार किलोवॅटचें प्रक्षेपणयंत्र उभारलें, व १८ मे १९८८ पासून त्यावरून रात्रीची राष्ट्रीय प्रसारणसेवा सुरू केली. वेळ रात्रीची ठेवण्यांतच सारें मर्म होतें. दिवसां आयनांबराचा सर्वांत खालचा थर मध्यम लहरी गिळून टाकतो. रात्रीं तो विरून जातो, आणि लहर वरच्या थरावर आपटून शेंकडों कोस दूर उतरते. त्या सेवेची लहर सेकंदास १५ लाख ६६ हजार कंपनांची होती. विद्युत्कणांच्या घिरट्या १२ लाख, लहर साडेपंधरा लाख; संख्या किती जवळजवळ आल्या पहा. कणांच्या दिशेनें फिरणारी जी लहर, तिची शक्ति कणच ओढून घेतात व ती वाटेंतच पुष्कळ क्षीण होते. रात्रीं दूरच्या गांवीं जो आवाज पोंचे तो बहुतांशीं तिच्या उलट फिरणाऱ्या भगिनीचा. ती सेवा २०१९ च्या आरंभीं बंद झाली. खर्चाचा हिशेब करणाऱ्यांचें म्हणणें कांहींहि असो, आम्हांस रुखरुख वाटली.

येथें एक विषयांतर करावेंसें वाटतें. मागें एका सभेंत एका विद्वान गृहस्थांनीं हें सर्व आपल्या दर्शनांत आधींच आहे असें ठांसून सांगितलें, व टाळ्याहि घेतल्या. आमचा जन्म संस्कृतांत गेला. आमच्या पूर्वजांचा अभिमान आम्हांस कोणाहून कमी नाहीं. म्हणूनच तें ऐकून वाईट वाटलें. वैशेषिक सूत्रांत कणादानें सुई लोहचुंबकाकडे जाते ह्या गोष्टीचा विचार केला आहे, हें खरें. पण त्यानें कारण काय दिलें? अदृष्ट. जें दिसत नाहीं, ज्याचा उलगडा झाला नाहीं, त्यास त्यानें स्वच्छ तसें नांव दिलें. कुमारसंभवाच्या दुसऱ्या सर्गांत ब्रह्मदेव देवांना सुचवितो कीं उमेच्या सौंदर्यानें शंकराचें मन अयस्कांतानें लोखंड ओढावें तसें ओढा. उपमा सुंदर आहे, आणि ती उपमाच आहे. कणादाच्या प्रामाणिकपणावर आपण आपल्या खोट्या फुशारकीचें ओझें लादूं नये.

खरा अभिमान धरावयाचाच असेल तर कुलाब्याच्या वेधशाळेचा धरावा. ईस्ट इंडिया कंपनीनें ती १८२६ सालीं बांधली, व १८४१ पासून तेथें पृथ्वीच्या चुंबकबलाचीं नियमित मापें घेतलीं जाऊं लागलीं. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर ह्यांनीं त्या वेधशाळेचें काम पाहिलें. केरो लक्ष्मण छत्रे तर वयाच्या पंधरासोळाव्या वर्षींच तेथें नोकरीस लागले. पुढें डेक्कन कॉलेजांत टिळकांना गणित शिकविणारे तेच केरूनाना. दोरीला टांगलेली चुंबकाची कांडी, तिचा केसाएवढा हेलकावा, आणि डोळ्यानें वाचून वहींत लिहिलेला आंकडा, एवढीच सामग्री. १८५९ च्या सप्टेंबरांत सूर्यावरील उत्पातामुळें जें प्रचंड चुंबकी वादळ झालें, त्यांत कुलाब्याचें आडवें बल सुमारें १६०० नॅनोटेस्लांनीं, म्हणजे शेंकडा चारांनीं, एकाएकीं खालीं आल्याची नोंद तेथील निरीक्षकांनीं करून ठेविली. त्या वादळाच्या ज्या थोड्या विश्वसनीय नोंदी जगांत उरल्या आहेत त्यांत हिची गणना होते. मुंबईंत विजेची ट्राम येणार असें ठरलें तेव्हां तिच्या विजेनें मापें बिघडतील म्हणून संचालक मूस ह्यांनीं चुंबकाचें काम अलिबागेस हलविलें. १९०४ पासून दोन वर्षें दोन्ही ठिकाणीं एकदम मापें घेऊन जुनी मालिका नव्या मालिकेस जोडून दिली. अलिबागची इमारत मुद्दाम लोखंडावांचून बांधलेली आहे. ती मालिका अद्याप चालूं आहे, आणि १९७१ पासून ती भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे.

पृथ्वीच्या ह्या बलानें निसर्ग स्वतःच कशी खिडकी उघडतो, हें पहिल्या महायुद्धांत योगायोगानें आढळलें. शत्रूचे टेलिफोन चोरून ऐकणाऱ्या जर्मन सैनिकांच्या कानांत मधूनमधून वरून खालीं उतरत जाणारी शीळ येई. बार्कहाउझेन ह्यानें १९१९ सालीं ही गोष्ट प्रसिद्ध केली. उलगडा मात्र केंब्रिज येथें स्टोरी ह्यानें १९५३ सालीं केला. ती शीळ दुसऱ्या गोलार्धांत पडलेल्या विजेची होती. विजेच्या लोळांतून निघालेली, सेकंदास अवघ्या कांहीं हजार कंपनांची लहर. वर सांगितलेल्या हिशेबानें आयनांबरानें ती अडवावयास हवी. पण ती पृथ्वीच्या चुंबकरेषेच्या बाजूनें निघाली व कणांच्या दिशेनें फिरत राहिली, तर कणांचे हातपाय दाव्यानें बांधलेले असल्यामुळें ते तिला उलट जोर देऊंच शकत नाहींत. पहारेकरी जागे असतात, पण बांधलेले असतात. लहर रेषेला धरून आकाशांत उंच जाते आणि पृथ्वीच्या दुसऱ्या अंगास उतरते.

हा झाला दूर आकाशांतला पडदा. दुसरा पडदा मनुष्य स्वतः आपल्याभोंवतीं निर्माण करतो, आणि त्याच्यापायीं माणसांचा जीव टांगणीस लागतो.

१५ जुलै २०२५ रोजीं ग्रुप कॅप्टन शुभांशु शुक्ल अंतराळांतून परतत होते. दुपारीं तीनच्या सुमारास कॅलिफोर्नियाजवळच्या समुद्रांत त्यांचें यान उतरावयाचें होतें. आमच्या घरचीं सगळीं माणसें टेलिव्हिजनपुढें बसलीं होतीं. थोरल्या वहिनींच्या हातांत जपमाळ होती. त्यांचा धाकटा मुलगा मालवाहू जहाजावर नोकरीस आहे. जहाज किनाऱ्यापासून दूर गेलें म्हणजे आठआठ दिवस त्याचा शब्द येत नाहीं. यानांतून येणारा आवाज थांबला. वहिनींचा मणि बोटांतच राहिला. त्या म्हणाल्या, "भाऊजी, पोराचा आवाज कां हो बंद झाला?" आम्ही म्हणालों, "वहिनी, हें ठरलेलेंच असतें. कांहीं मिनिटांनीं येईल." त्यांनीं आमच्याकडे पाहिलें. "ठरलेलें आहे हें त्याच्या आईला कोणी सांगितलें आहे का?" ह्यावर आमच्याजवळ उत्तर नव्हतें. आवाज आला, यान सुखरूप उतरलें, आणि वहिनींनीं देवापुढें साखर ठेवली.

परतणारें यान तासास सुमारें २८,००० किलोमीटरच्या वेगानें हवेंत शिरतें. पुढची हवा एवढी दाबली जाते व तापते कीं तिचे अणू फुटून यानाभोंवतीं प्लाझ्म्याचें आवरण तयार होतें. त्यांतील विद्युत्कण आयनांबरांतल्याच्या दहा लाख पटीहूनहि दाट होऊं शकतात. मघांचा वर्गमूळाचा हिशेब आतां काढावा: कण दहा लाख पट, तर अडविण्याची मर्यादा हजार पट, म्हणजे ९० लाखांवरून ९०० कोटींवर. यानांतील माणसांचा आवाज वाहणाऱ्या लहरी बहुधा सव्वादोनशें कोटींच्या आसपास असतात. त्या आवरणाच्या आंतच कोंडल्या जातात. १७ एप्रिल १९७० रोजीं अपोलो-१३ परतलें तेव्हां ही शांतता अपेक्षेहून सुमारें दीड मिनिट अधिक टिकली. ज्यांनीं ती वाट पाहिली त्यांना तें दीड मिनिट केवढें वाटलें असेल!

आणि शांतता कोणत्या जातीची आहे हें बाहेरून कळत नाहीं, हें तर फारच कठीण. १ फेब्रुवारी २००३ रोजीं कर्नालची कल्पना चावला व तिचे सहा सोबती घेऊन कोलंबिया परतत होतें. तें यान मोठें. त्याच्या पाठीकडे प्लाझ्मा विरळ असल्यामुळें तेथील अँटेनावरून वरच्या उपग्रहामार्फत बोलतां येत असे, म्हणून त्या जातीच्या यानांना ही दीर्घ शांतता राहिली नव्हती. तरीहि उतरण्यास सुमारें सोळा मिनिटें उरलीं असतां आवाज तुटला. ह्यूस्टनहून पुनःपुन्हां हांका मारण्यांत आल्या. त्या शांततेस प्लाझ्मा कारण नव्हता. टेक्ससच्या आकाशांत यान मोडत होतें. कानांना दोन्ही शांतता सारख्याच लागतात. म्हणून ह्या पडद्यास खिडकी पाडण्याची खटपट केवळ कौतुकाची नाहीं.

पहिला उपाय पाण्याचा. २३ मार्च १९६५ रोजीं जेमिनी-३ ह्या यानांतून ग्रिसम व यंग परतत असतां यानाबाहेर पाण्याचे फवारे सोडून पाहिले. पाण्याच्या थेंबांनीं मोकळे विद्युत्कण कमी झाले आणि तुटलेलें संभाषण कांहीं अंशीं पुन्हां जुळलें. परंतु पाणी वाहून न्यावें लागतें, व तें संपतें.

दुसरा उपाय लोहचुंबकाचा, आणि तो १९६० नंतरच्या दशकापासून प्रयोगशाळांत व गणितांत चालूं आहे. तत्त्व त्या शिळेचेंच. अँटेनाजवळ बळकट चुंबक ठेवावा. त्याच्या रेषा आवरणांतून आरपार बाहेर जाव्या. आणि त्या रेषांच्या बाजूनें, कणांच्या दिशेनें फिरणारी लहर सोडावी. चुंबकाचें बल इतकें हवें कीं कणांच्या घिरट्या लहरीच्या कंपनांहून अधिक व्हाव्या. एक गॉस बलानें सेकंदास २८ लाख घिरट्या होतात. तेव्हां सव्वादोनशें कोटींसाठीं सुमारें आठशें गॉस पाहिजेत. पृथ्वीचें बल आमच्याकडे अर्ध्या गॉसाहूनहि थोडें कमी. म्हणजे सुमारें पावणेदोन हजार पट. आंकडा भयंकर दिसतो, पण लाउडस्पीकराच्या मागच्या चुंबकाच्या अगदीं अंगाशीं एवढें बल सांपडतें. लहर आणि घिरट्या ह्यांची संख्या मात्र बरोबर जुळतां उपयोगी नाहीं. जुळली कीं कण लहरीची सारी शक्ति पिऊन टाकतात. हाच दोष अन्यत्र गुण होतो: गांधीनगर येथील प्लाझ्मा संशोधन संस्थेंत चुंबकांच्या कड्यांत कोंडलेला प्लाझ्मा तापविण्यासाठीं मुद्दाम ही जुळणी साधतात, तेथें ४,२०० कोटी कंपनांच्या लहरीस १५,००० गॉस बल लागतें.

मग अडतें कोठें? अंगाशीं आठशें गॉस असून भागत नाहीं. आवरणाच्या साऱ्या जाडींत तेवढें बल टिकलें पाहिजे. चुंबकापासून दूर जातांना बल झपाट्यानें उतरतें; थोड्या लांबवर अंतर दुप्पट झालें तर बल आठवा हिस्सा राहतें. म्हणजे चुंबक मोठा हवा, मोठा म्हणजे जड, आणि अंतराळांत न्यावयाच्या प्रत्येक किलोस इंधनाचें मोल पडतें. त्यांत यानाच्या बाहेरील अंगाची उष्णता. लोहचुंबक तापला कीं त्याचें बल जातें, हें शाळेंतल्या मुलांनाहि आम्ही शिकवीत असूं. विजेच्या वेटोळ्यांचा चुंबक करावा तर त्यास वीज पुरविण्याचें ओझें पुन्हां आहेच. त्यामुळें माणसें घेऊन जाणाऱ्या यानांत अद्याप ही खिडकी बसलेली नाहीं.

मोठ्या यानांनीं पाठीकडून बोलण्याची युक्ति अधिक वाढविली. १४ मार्च २०२४ रोजीं स्टारशिप ह्या प्रचंड यानाच्या चांचणींत भोंवतालच्या प्लाझ्म्याची झळाळी लोकांनीं चालूं वेळींच पडद्यावर पाहिली, कारण चित्रें वरच्या उपग्रहांकडे मोकळ्या बाजूनें जात होतीं. लहान यानास ही सोय तितकीशी लाभत नाहीं; त्याच्या पाठीमागची मोकळी जागा थोडी, आणि आवरण त्यास जवळजवळ सर्व बाजूंनीं वेढतें. भारतानें २०१८ मध्यें जाहीर केलेल्या गगनयानाचें माणसें बसण्याचें यान अशाच लहान जातीचें आहे. तें आपलीं माणसें घेऊन परतेल तेव्हां कांहीं मिनिटें घरोघरीं शांतता पडेल, असा आमचा तर्क आहे. ती किती मिनिटांची, हें जाणकार आधींच सांगतील. आम्ही तो आंकडा कागदावर लिहून घड्याळाखालीं ठेवणार आहोंत, आणि घड्याळ वहिनींच्या हातीं देणार आहोंत.